मुलीच्या इंजिनिअरिंगची फी, शिष्यवृत्ती आणि कर्ज: निकाल लागण्याआधी करायची कामं

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका वडिलांचा आहे. चार एकर कोरडवाहू जमीन, जोडीला पिठाची गिरणी, वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आसपास, जात इतर मागासवर्गात. मुलीने एमएचटी-सीईटी दिली आहे आणि तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. त्यांनी एका खासगी कॉलेजात चौकशी केली तर वर्षाची फी एक लाख चाळीस हजार सांगितली. मुलींचं शिक्षण मोफत झालंय असं ऐकलं होतं, मग ही फी कसली? फॉर्म कधी भरायचा? कर्ज काढावं का? आणि धाकटा मुलगा अकरावीत आहे, त्याच्यासाठी आत्तापासून काही करता येईल का?

भाऊ, मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. पात्र नाही म्हणून मदत हुकलेली मुलं तिथे फारशी दिसत नाहीत. दाखला जुना निघाला, खातं आधारला जोडलेलं नव्हतं, परत आलेला अर्ज कुणी उघडून पाहिला नाही, प्रवेश चुकीच्या दाराने घेतला, अशा कारणांनी हुकलेली मुलं मात्र दरवर्षी दिसतात. त्यामुळे फॉर्म प्रवेशानंतरच भरायचा असला, तरी त्याची अर्धी कामं तुम्हाला याच महिन्यात उरकायची आहेत.

आधी फीचं बघू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के रक्कम सरकार देतं. त्याआधी ती पन्नास टक्के होती. तुमची मुलगी यात बसते. पण ‘शिक्षण शुल्क’ म्हणजे पूर्ण फी नव्हे. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि तिचे दोन भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. यातलं विकास शुल्क सरकार देत नाही. समजा एक लाख चाळीस हजारांत शिक्षण शुल्क एक लाख बावीस हजार आणि विकास शुल्क अठरा हजार असेल, तर तुमच्या खिशातून अठरा हजार जातील. वर अनामत रक्कम, विद्यापीठाचे किरकोळ शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं. याच कॉलेजात तुमचा मुलगा गेला तर त्याला शिक्षण शुल्काच्या निम्मेच, म्हणजे एकसष्ट हजार मिळतील आणि तुम्हाला एकोणऐंशी हजार भरावे लागतील.

कॉलेजच्या खिडकीवर ‘फी किती’ एवढंच विचारू नका. ‘प्राधिकरणाने मंजूर केलेलं शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती’ असं विचारा. मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनुसार बघायला मिळते. तिथला आकडा आणि खिडकीवरचा आकडा जुळत नसेल तर फरक कशाचा आहे, ते लेखी मागा.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे प्रवेश कोणत्या दाराने होतो. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून, प्रवेश घेतलेल्यांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही ती लागू नाही. कॅपमध्ये जरा कमी नावाजलेलं कॉलेज मिळालं म्हणून घाबरून मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठात पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी हौसेने भरतात, दुसऱ्या वर्षी जमिनीवर कर्ज काढतात. खासगी विद्यापीठं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण दोन लाख उत्पन्नाच्या घराने तो निर्णय चारही वर्षांची पूर्ण फी कागदावर मांडूनच घ्यावा. प्रवेश अर्जातला पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे ‘आपल्याला खरोखर लागणारे पैसे’ असा एक आकडा लिहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की होते, नंतर फीकडे बघून मागे फिरता येत नाही.

या हिशेबात राहण्या-जेवणाचा खर्च धरायला विसरू नका. मुलींना शिक्षण शुल्क माफ झाल्यापासून घराघरांतून खरा खर्च खोली आणि मेसचाच उरला आहे. पुण्यात तो महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली सहसा बसत नाही. तुमच्या मुलीसाठी इथे तीन वाटा आहेत. पहिली, सरकारी वसतिगृह. इतर मागास बहुजन कल्याण विभागाने जिल्ह्याजिल्ह्यांत मुलामुलींसाठी वेगळी वसतिगृहं सुरू केली आहेत, त्यांचा अर्ज सुटला की लगेच भरा. तिथे जागा मिळाली नाही तर दुसरी वाट, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यात वसतिगृहात न राहणाऱ्या मुलांना भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता थेट खात्यात मिळतो: मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याला ३८,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात सहाशे विद्यार्थी एवढाच कोटा, त्यामुळे निवड गुणांवर होते. अर्ज सहायक संचालक, इतर मागास बहुजन कल्याण यांच्या कार्यालयात जातो, कॉलेजात नाही. कॉलेजचा क्लार्क याबद्दल तुम्हाला काही सांगेल असं धरून चालू नका. अनुसूचित जातींसाठी अशीच स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. खुल्या आणि मराठा समाजातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शेजारीपाजारी कुणाला उपयोग होणार असेल तर सांगा.

तिसरी वाट सेवाभावी संस्थांची, आणि तिच्याकडे लोक फार कमी वळतात. पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय करून देते. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना शिष्यवृत्ती देतं. अशा ठिकाणी मुलाखत होते, कधी घरी भेट देऊन चौकशीही होते. अर्जात घरची परिस्थिती मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावी. नेट कॅफेवाल्याने लिहिलेले ‘मी अत्यंत गरीब व होतकरू विद्यार्थिनी आहे’ असे अर्ज वाचणाऱ्यांसमोर शेकड्याने येतात. पाऊस नसला की गिरणीवर दळण कमी येतं, सुट्टीच्या दिवशी ती स्वतः गिरणीवर बसते आणि तिथेच अभ्यास करते, असं काही असेल तर तेच लिहावं. खरं आणि नेमकं लिहिलेलं माणसाला पटतं.

आता कागद. तुमच्यासाठी पाच कागद निर्णायक आहेत: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर (मागासवर्गातल्या उन्नत गटात आपण मोडत नाही असा दाखला), अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. बाकी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड हे घरात असतंच.

उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘वैध: ३१ मार्चपर्यंत’ असं छापलेलं असतं. तुमच्याकडे मार्चआधीचा असेल तर तो संपला, नवा काढा. नॉन-क्रिमिलेअर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला लागणार नाही असं पुष्कळांना वाटतं, पण दोन्ही वेगळे आहेत. नॉन-क्रिमिलेअर ठरवताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सगळं येतं, तुमची गिरणीसुद्धा. तलाठ्याच्या अहवालात शेती आणि गिरणी दोन्ही लिहून घ्या. गिरणी वगळून आकडा कमी दाखवायचा मोह काही लोक घालतात. तुम्हाला त्याची गरजच नाही, दोन लाखांत तुम्ही सगळ्या मर्यादांच्या आत आहात. आणि खोटा दाखला उघडकीस आला तर दिलेली रक्कम वसूल होते, गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याची झळ मुलीला बसते.

सेतू केंद्रावर अर्ज दिला की पावती घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे तीनदा ऐकलं की अपिलाचा विषय काढा, फाइल हलते.

मुलीचं जात वैधता प्रमाणपत्र आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि अर्जही केला नसेल, तर हे पान इथेच ठेवून आधी तो अर्ज करा. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करायचा आणि कागद प्रत्यक्ष सादर करायचे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, महसुली नोंद, गाव नमुना १४ असं काहीही. प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या अर्जाची पावती चालवून घेऊन सरकार नंतर मुदत देत आलं आहे, पण त्या मुदतीत प्रमाणपत्र हाती आलं नाही तर राखीव जागाच जाते. मग शिष्यवृत्तीचा प्रश्नच उरत नाही.

बँक खात्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मंजूर झालेले पैसे इथेच अडकतात. महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं राज्य सरकारचं संकेतस्थळ. त्याचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. आधारशी शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात ते जातात. मोबाइलचं सिम घेताना किंवा दुकानात अंगठा देताना नकळत एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडलं जातं, तेच आधारला जोडलं जातं आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडते. घरी मात्र वाटत राहतं की पैसे आलेच नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर मुलीच्या आधार क्रमांकाने लॉगिन करून ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघा, कोणती बँक जोडलेली आहे ते तिथे दिसतं. हवी ती बँक नसेल तर शाखेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या. नुसतं केवायसीला आधार दिलेलं असणं आणि सीडिंग होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, काउंटरवर तसं स्पष्ट सांगा. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतंय का, हेही याच वेळी तपासा.

प्रवेश झाला की महाडीबीटीवर अर्ज. तो मुलीलाच भरू द्या. कॅफेत भरलात तरी मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड तुमचाच असू द्या. कॅफेवाला सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतो, मग दुरुस्तीसाठी अर्ज परत आल्याचा संदेश त्याच्या फोनवर जातो आणि तो तोवर पुढच्या पन्नास फॉर्ममध्ये गढलेला असतो. योजना निवडताना विभाग बघा. तुमची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाखाली दिसेल. तंत्रशिक्षण संचालनालयाखाली दिसणारी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही वेगळ्या प्रवर्गांसाठी आहे. नाव ओळखीचं वाटतं म्हणून ती निवडून अर्ज बाद झालेली मुलं दरवर्षी असतात. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे आणि मग विभागाकडे जातो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठे थांबला आहे ते पाहायचं. कॉलेजच्या टप्प्यावर महिनाभर पडून असेल तर शिष्यवृत्ती विभागात जाऊन अर्ज क्रमांक सांगा. तिथे एकेका माणसाकडे हजारभर अर्ज असतात. नम्रपणे पण पुन्हापुन्हा विचारणाऱ्या मुलीचा अर्ज हलतो, हे मी त्या खुर्चीत बसून सांगतो.

हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. नापास होऊन त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसलं तर त्या वर्षाची रक्कम मिळत नाही. हजेरीची अटही असते. पहिल्या सत्रात गणिताने दमछाक झालेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिला आधीच सांगून ठेवा की अडलं तर लपवायचं नाही, वेळेत सांगायचं.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर? जी रक्कम सरकारकडून येणार आहे ती पात्र विद्यार्थ्याकडून आधी घेऊ नये, असं शासनाने कॉलेजांना वेळोवेळी बजावलेलं आहे. शासन निर्णयाची छापील प्रत, कॅपचं जागावाटप पत्र आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या आणि ‘मी विकास शुल्क आणि इतर लागू शुल्क भरतो’ असं लेखी द्या. तरीही ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे तक्रार करता येते. कॉलेज बहुधा एक हमीपत्र लिहून घेतं की शिष्यवृत्ती नाही आली तर फी आम्ही भरू. सही करण्याआधी ते वाचा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. हे बोलणं तुम्हाला एकट्याला जड जाईल असं वाटत असेल तर गावातला कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा किंवा शाळेतले सर सोबत न्या. भांडण करायचं नाही, पण दबूनही यायचं नाही. हे पैसे कुणी उपकार म्हणून देत नाही.

सरकारी पैसे उशिरा येतात. भत्त्याचा पहिला हप्ता हातात पडायला दिवाळी उलटू शकते, कधी पुढचं वर्षही उजाडतं. म्हणून पहिले सहा-आठ महिने शिष्यवृत्तीवाचून निघतील एवढी सोय आत्ता करायची आहे. विकास शुल्क, अनामत, खोलीचं डिपॉझिट, मेस आणि लॅपटॉप मिळून पहिल्या वर्षी दीड लाखाच्या आसपास लागतील असं धरा.

या रकमेसाठी सोनं गहाण टाकण्याआधी किंवा सावकाराच्या दारात जाण्याआधी बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार करा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते आणि लॅपटॉपही कर्जात बसतो. ‘तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ हे कारण शैक्षणिक कर्जाला लागू होत नाही. नकार द्यायचा तर तो लेखी मागा. शिकत असताना महिन्याचं व्याज भरत राहिलात तर बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात, आणि पुढचं ओझंही कमी होतं.

व्याजाची सवलत दोन प्रकारची आहे. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कॉलेज नॅक मानांकित किंवा अभ्यासक्रम एनबीए मान्यताप्राप्त असेल (या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था आहेत), तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. तुम्ही याच्यासाठी बघा. दुसरी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी. ती निवडक नामांकित संस्थांसाठी आहे. तिथे तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर तीन टक्के व्याज सवलत मिळते. पण सरकारची दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना ही तीन टक्के सवलत मिळत नाही. अर्ज विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर होतो. आपलं कॉलेज कोणत्या योजनेत बसतं आणि फी प्रतिपूर्ती घेत असताना कोणती सवलत चालते, हे बँकेकडून लेखी घेऊन मगच सही करा. आणि जेवढं लागतं तेवढंच कर्ज घ्या. मंजुरी चार लाखांची झाली म्हणून चार लाख उचलायचे नाहीत. रक्कम टप्प्याटप्प्याने घेता येते.

हा सगळा हिशेब मुलीसमोर बसून करा. पुष्कळ आईवडील ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणतात आणि पैशांची गोष्ट तिच्यापासून दूर ठेवतात. त्यात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण आकडे माहीत असलेली मुलगी कॉलेज निवडताना शहाणपणाने निवडते, अर्जाच्या तारखा स्वतः सांभाळते आणि अडचण आली तर महिनाभर उपाशी न राहता फोन करते.

मुलाबद्दल. त्याला निम्मंच शिक्षण शुल्क मिळणार, हे वर आलंच. त्याच्यासाठी सगळ्यात चांगली संधी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेतल्या जागांची आहे. प्रत्येक अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या पाच टक्के जास्तीच्या जागा या योजनेत असतात, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, आणि तिथे शिक्षण शुल्क पूर्ण अभ्यासक्रमासाठी माफ असतं, दरवर्षी महाडीबीटीवर फी मागत बसावं लागत नाही. पसंतीक्रमात या जागांचा कोड शेवटी ‘टी’ अक्षर लावून येतो. गुणांची चुरस तिथे जास्त असते आणि नंतर शाखा बदलता येत नाही, तेव्हा शाखा विचार करून भरायची.

आणि त्याचा जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करून टाका. मुलीचं प्रमाणपत्र आधी मिळालं असेल तर ते त्याच्या अर्जाला जोडा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीचं वैधता प्रमाणपत्र समितीपुढे मोठा पुरावा ठरतं, आणि १९६७ पूर्वीच्या कागदांसाठी तुम्हाला पुन्हा शाळा आणि तहसील फिरावी लागणार नाही.